उंदीर हा शब्द कुठे गेला?

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या गावांतले औषध दुकानदार, सप्लिमेंट विक्रेते, व्यायामशाळांचे चालक आणि आपल्या मराठी दैनिकांच्या आरोग्य पुरवण्या काढणारे संपादक यांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात सकाळी पेपर उघडला आणि घडीतून ते पत्रक पुन्हा खाली पडलं. गुळगुळीत कागद, हिरवी किनार, मधोमध हसरं कुटुंब. ‘कोलायटिस, क्रोन्स, संग्रहणी... आता आयुष्यभर गोळ्या कशाला?’ पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयात मोफत शिबिर आहे आणि तिथे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या घटकांची, पावडर सवलतीत मिळणार आहे. सोबत परदेशी संशोधनाचा दाखला. दीड वर्षापूर्वी हेच पत्रक आमच्या घरी आलं होतं. तेव्हा मी ते रद्दीत टाकलं. रद्दीतून ते घरातल्याच एकाने उचललं, आणि त्यातून काय घडलं हे मला सात आठवड्यांनी कळलं. म्हणून या खेपेला लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही. इथल्या एका फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये सव्वीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झाले. पिंजऱ्यातला भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, रोज सकाळी शेपटीला धरून एकेक उंदीर वजनकाट्यावर ठेवणं आणि वहीत आकडा लिहिणं, हे माझं काम. माझ्या हाताखालून गेलेल्या उंदरांची मोजदाद मी ठेवलेली नाही, ठेवावीशी वाटलीही नाही. पण ज्या संशोधनाच्या नावावर तुमचा पावडरीचा डबा खपतो, तसलं संशोधन होताना मी पिंजऱ्याच्या बाजूने पाहिलेलं आहे. दुसरं नातं घरातलं. माझ्या भावाच्या मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे.

पुतण्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला. तेविसाव्या वर्षी शौचातून रक्त जायला लागलं. आपल्याकडे रक्त म्हटलं की मूळव्याध. वर्षभर मूळव्याधीचीच औषधं झाली, एकाने धागा बांधतो म्हणून सांगितलं, मध्येच आव म्हणून गोळ्या झाल्या. वजन बासष्टवरून एकोणपन्नासवर आलं तेव्हा कुठे दुर्बिणीने आतडं बघितलं गेलं आणि नाव कळलं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा तिथे उलटते. या आजाराचा भाऊ म्हणजे क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. दोन्ही मुळापासून जात नाहीत, पण औषधाने झोपून राहतात. झोपलेला आजार आणि बरा झालेला आजार बाहेरून अगदी सारखे दिसतात. सगळा घोळ तिथेच होतो.

मेसालामाइन आणि अ‍ॅझाथायोप्रिन या दोन गोळ्यांवर तो तीन वर्षं ठणठणीत होता. वजन अठ्ठावन्नवर आलं, रात्रपाळी करायला लागला, मंगाईच्या जत्रेत पाहुण्यांबरोबर पंगतीला बसून जेवला. मग लग्नाचं बघायला सुरुवात झाली. पहिल्याच ठिकाणी मुलीच्या मामाने विचारलं, ‘गोळ्या कायमच्या आहेत काय ओ?’ दुसऱ्या ठिकाणी त्यांनी विचारलंही नाही, थेट नकाराचा निरोप आला. अशा घरात ‘आता आयुष्यभर गोळ्या कशाला’ हे वाक्य येऊन पडलं तर काय होईल? देवानेच धाडल्यासारखं ते वाटलं.

त्याने मला पत्रक दाखवलं तेव्हा डबा आधीच घेतलेला होता. ‘अगं आत्या, बघ की, जगातल्या मोठ्या मासिकात छापून आलंय, उगीच कोण छापंल?’ गोळ्या थांबवल्यात हे मात्र त्याने कुणालाच सांगितलं नाही. पावडर सुरू केली आणि पहिले तीन आठवडे बरं वाटलं. वाटणारच. आधीच्या औषधाचा असर लगेच ओसरत नाही. पाचव्या आठवड्यात पोटात मुरडा, सहाव्यात रक्त. सातव्या आठवड्यात पहाटे तो न्हाणीघरात पडला. दवाखान्यात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन ६.८. दोन बाटल्या रक्त, शिरेतून स्टिरॉइड, आणि पाचव्या दिवशी सर्जन येऊन सांगून गेले की उतार पडला नाही तर मोठं आतडं काढावं लागेल. नशिबाने उतार पडला. पण पूर्वी दोन गोळ्यांवर भागत होतं तिथे आता दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून इन्फ्लिक्झिमॅब नावाचं औषध घ्यावं लागतं. त्या दिवशी फाउंड्रीची सुट्टी, पगार कापला जातो, आणि भाऊ सोसायटीचं कर्ज फेडतो आहे.

हे सांगतानाच एक कबूल करते. पावडरीने त्याला विष बाधलं असं माझं म्हणणं नाही. डाळ, अंडं, दूध यांतली प्रथिनं पोटात तुटली की त्यांची अमिनो आम्लंच होतात, ती काही परकी वस्तू नव्हे. त्याचं नुकसान गोळ्या थांबवल्याने झालं. पण गोळ्या त्याने ज्या भरवशावर थांबवल्या तो भरवसा तुम्ही विकलात, त्याचीच ही तक्रार आहे.

पत्रकावर त्या ‘मोठ्या मासिका’चं नाव दिलं होतं. ‘नेचर’ हे विज्ञानाचं साप्ताहिक, २०१२. मी कॉलेजातल्या एका जुन्या विद्यार्थिनीला सांगून तो लेख मिळवला आणि दोघींनी मिळून वाचला. लेख खरा आहे, उत्तम आहे, आणि त्यात तुमच्या डब्याचा काही संबंध नाही. त्या उंदरांच्या शरीरातून एसीई-२ नावाचं प्रथिन बनवणारं जनुक आधीच काढून टाकलेलं होतं. (हो, करोनाच्या काळात विषाणूचं दार म्हणून ज्याचं नाव घरोघर झालं तेच हे एसीई-२.) हे प्रथिन नसलं की आतड्यातून ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नीट शोषलं जात नाही, आतड्यातले जिवाणू बदलतात, आणि रसायन पाजून आतड्याला सूज आणली तर ती फार जोराची येते. अशा उंदरांना ट्रिप्टोफॅन वेगळ्या वाटेने पोचवलं तेव्हा सूज कमी झाली. म्हणजे ज्याला तुटवडा होता त्याचा तुटवडा भरून काढला. माझ्या पुतण्याला ट्रिप्टोफॅनचा तुटवडा होता का, हे कुणी तपासलं? त्याला डबा देताना त्याचं वजन तेवढं विचारलं होतं.

आता ‘रसायन पाजून’ म्हणजे काय ते सांगते, कारण खरी गोम तिथे आहे आणि पत्रकात ती ओळ कधीच येत नाही. साध्या उंदराला आपल्यासारखा कोलायटिस सहसा आपोआप होत नाही, तो करावा लागतो. पिण्याच्या पाण्यात दोन-तीन टक्के डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम मिसळतात आणि पाच ते सात दिवस तेच पाणी ठेवतात. चौथ्या-पाचव्या दिवशी वजन घसरायला लागतं, लेंडी पातळ होते, मग रक्त दिसतं. शेवटी आतडं बाहेर काढून मोजपट्टीवर ठेवतात. निरोगी उंदराचं मोठं आतडं साधारण आठ सेंटिमीटर भरतं, सुजलेलं आखडून पाच-सहावर येतं. हे रसायन महाग, बाहेरून मागवावं लागतं, म्हणून आमच्याकडे ते दोनच वेळा आलं. एरवी आपल्या कॉलेजांतली स्वस्त पद्धत म्हणजे रॅटला, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराला, गुदद्वारातून बारीक नळीने चार टक्के अ‍ॅसेटिक आम्ल द्यायचं. व्हिनेगरची ताकद साधारण तेवढीच असते. आतलं अस्तर भाजून निघतं. मग बघायचं, कुठल्या औषधाने कमी भाजलं.

आणि हेही बघा. औषध बहुतेक वेळा आधी सुरू करतात. रसायन देण्यापूर्वी काही दिवस पावडर किंवा अर्क चालू, मग रसायन, मग मोजमाप. म्हणजे भाजण्याआधीच मलम लावून ठेवलेलं. माझ्या पुतण्याचं आतडं चार वर्षांपासून आजारी होतं, त्याच्या बाबतीत ‘आधी’ कुठून आणायचं?

माझ्या वहीतली एक नोंद मला कायम आठवते. डेक्स्ट्रानवाल्या एका गटाला काहीच औषध द्यायचं नव्हतं, तुलनेसाठी ठेवलेला गट तो. सात दिवसांनी रसायनाचं पाणी काढून साधं पाणी ठेवलं. काही दिवसांत बहुतेक उंदरांची वजनं पुन्हा चढायला लागली, रक्त थांबलं. अशा तात्पुरत्या दुखापतीत आतडं बऱ्याचदा आपलं आपणच भरून येतं. पत्रकाच्या हिशेबाने बघायचं झालं तर आपल्या राकसकोपच्या पाण्यानेही कोलायटिस बरा होतो असं छापता येईल. भरा बाटल्यांत आणि विका.

यात उंदरांवरच्या संशोधनाची टिंगल नाही. माझं निम्मं आयुष्य त्यात गेलं. आर्जिनिन, ग्लायसिन, हिस्टिडिन, थ्रिओनिन यांवर उंदरांत आणि रॅटमध्ये चांगली कामं झाली आहेत. ट्रिप्टोफॅनवर डुकराच्या पिल्लांतही झालं आहे, २०१० साली. थ्रिओनिन तर आतड्यावरचा चिकट थर बनवायला लागतंच. अशा कामातून कुठे खणायचं ते कळतं. पाणी लागलं असं त्यातून कळत नाही. आर्जिनिनचंच घ्या. त्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. तो बेताचा असला तर रक्तवाहिन्या सैल करतो, सुजलेल्या आतड्यात भरमसाट झाला तर सुजेत भर घालतो. एकाच पदार्थाच्या या दोन बाजू. उंदरात कुठली बाजू वर आली हे प्रयोग कसा मांडला यावरही ठरतं. शिवाय उंदीर स्वतःची लेंडी खातो. त्याच्या पोटातल्या जिवाणूंचा हिशेब आपल्याशी कसा जुळवायचा, यावर मोठमोठे लोक अजून डोकं खाजवतात.

माणसांवर काय झालं, तेही सांगायला हवं, कारण प्रयोग झालेले आहेत. ग्लुटामिन हे आतड्याच्या पेशींचं आवडतं इंधन, आणि तुमच्या डब्यावर त्याचं नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरांत. क्रोन्स असलेल्या १८ मुलांवर एक नीट आखलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना साधा द्रव आहार, निम्म्यांना ग्लुटामिन वाढवलेला. ग्लुटामिनवाल्यांना जास्तीचा काही फायदा दिसला नाही. २०१६ साली कॉक्रेन या, जगभरच्या प्रयोगांची एकत्र छाननी करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी असे प्रयोग शोधले तर दोनच सापडले, दोन्ही छोटे, सगळे मिळून ४२ रुग्ण. उपयोग होतो म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी लिहिलं. आणि हे क्रोन्सचं, पुतण्याचा आजार तर दुसराच. शिबिरातला माणूस कदाचित म्हणेल की क्रोन्सच्या मुलांना दवाखान्यात अमिनो आम्लांचाच द्रव आहार देतात. बरोबर आहे. सहा ते आठ आठवडे, बाकीचं सगळं जेवण बंद ठेवून, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या नजरेखाली देतात. आणि अख्ख्या प्रथिनांचा द्रव आहारही तेवढाच उपयोगी पडतो असं तुलनेत दिसलं आहे. भात-आमटी जेवून वर दोन चमचे पावडर घेण्याशी त्याचं नातं नाही.

मात्रेचा हिशेब तर हसावं की रडावं असा. पत्रकात किलोमागे अर्धा ग्रॅम लिहिलं होतं. अठ्ठावन्न किलोच्या माणसाला रोज एकोणतीस ग्रॅम. उंदराचा किलोमागचा आकडा जसाच्या तसा माणसाला लावत नाहीत, हे आमच्या कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं. वीस ग्रॅमच्या जिवाचा चयापचय फार वेगाने चालतो, म्हणून साधारण बाराने भागतात. भागलं तर अडीच ग्रॅमसुद्धा होत नाहीत. तोही माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी अंदाज बांधायचा आकडा, उपचाराचा नव्हे. बाराने न भागण्याचा एक फायदा मात्र आहे, डबा लवकर संपतो.

आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे तर कृपा करून थांबवा. १९८९ साली अमेरिकेत हेच ट्रिप्टोफॅन झोपेसाठी म्हणून लोक दुकानातून आणून घेत होते. जपानमधल्या एका कंपनीच्या मालात नको त्या अशुद्ध द्रव्यांचे अंश निघाले. दीड हजारांहून अधिक लोक स्नायूंच्या भयंकर वेदनांनी आजारी पडले, तीसहून जास्त माणसं गेली. ट्रिप्टोफॅन वाईट होतं म्हणून हे झालं नाही, डब्यात आणखी काय आहे हे कुणी बघत नव्हतं म्हणून झालं. माझ्याकडच्या डब्यावर अन्न सुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे. पुतण्याला वाटलं, सरकारने मान्य केलंय. तो क्रमांक खाद्यपदार्थ बनवण्याचा परवाना असतो, आजार बरा करण्याचा दाखला नसतो. त्याच डब्यावर, डोळे बारीक करून बघितलं तर, ‘औषधी उपयोगासाठी नाही’ ही कायद्याने बंधनकारक असलेली ओळही आहे. इंग्रजीत.

भाषेवर आलेच आहे तर मनातलं बोलून घेते. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ८६५ गावांना महाराष्ट्राने आरोग्य योजना लागू करायची म्हटली की इकडून आक्षेप येतो. सरकारी दवाखान्यातला केसपेपर कन्नडमध्ये, डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांच्या पाकिटातला कागद इंग्रजीत. पुतण्याला चार वर्षांत त्याच्या आजाराबद्दल स्वच्छ मराठीत लिहिलेलं एक पान मिळालं नव्हतं. पहिलं पान मिळालं ते तुमचं पत्रक. शुद्धलेखनाची एक चूक नाही त्यात! आपल्या भाषेत कुणीतरी आपल्याशी बोललं याचाच माणसाला किती आधार वाटतो, हे या भागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्या आधाराचा तुम्ही असा वापर केलात याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

संपादकांनो, तुम्हाला वेगळं लिहायला हवं. पत्रक आल्यानंतर दोनच आठवड्यांनी एका आरोग्य पुरवणीत ‘अमिनो आम्लांनी आतड्यांचा दाह आटोक्यात’ असा मथळा आला. सगळा मजकूर मी दोनदा वाचला. ‘संशोधकांना आढळले’, ‘प्रयोगांत सिद्ध झाले’, ‘तज्ज्ञांच्या मते’. उंदीर हा शब्द एकदाही नाही. खाली त्याच पानावर त्याच पावडरीची पाव पान जाहिरात. मी पोस्टकार्ड टाकलं, उत्तर आलं नाही. पोस्टकार्ड कोण वाचतं म्हणा आता.

औषध दुकानदारांनो, तुमच्यावरचा माझा राग सगळ्यांत जास्त, कारण तुमच्यावर भरवसाही तेवढाच होता. पुतण्या तीन वर्षं दर महिन्याला एकाच दुकानातून गोळ्या न्यायचा. डबाही त्याच दुकानातून घेतला, आणि त्या महिन्यात गोळ्या घेतल्या नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच काउंटरवर, एकाच माणसासमोर झाल्या. ‘काय रे, गोळ्या नकोत का या खेपेला?’ एवढं विचारलं असतं तर तो अडखळला असता. तो खोटं बोलणारा मुलगा नाही. दुकानाचं नाव मी घेणार नाही. ते चांगले लोक आहेत, करोनात रात्री-अपरात्री दार उघडलं आहे त्यांनी. पण डब्यावरचं कमिशन गोळ्यांपेक्षा जास्त मिळतं, हे मला त्यांच्याच पोराने हसत हसत सांगितलं होतं.

व्यायामशाळेवाल्यांना एवढंच सांगते. तालमीत वस्ताद पोराला काय खायचं ते सांगायचा, पण पोराचं पोट बिघडलं तर ‘आधी वैद्याला दाखव’ असंही तोच सांगायचा. पहिलं चालू ठेवलंत, दुसरंही ठेवा.

तर माझ्या मागण्या. अवघड एकही नाही.

उंदरांवरचं, रॅटवरचं, डुकरांवरचं संशोधन असेल तर मथळ्यातच तसं लिहा, मथळ्याच्याच अक्षरात. ‘उंदरांमध्ये’ हा पाच अक्षरांचा शब्द आहे, जागा अडत नाही. बातमी आणि त्याच मालाची जाहिरात एका पानावर नको.

‘गोळ्या कशाला’ हे वाक्य पत्रकातून काढा. खाद्यपदार्थाला आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही, हा अन्न सुरक्षा कायद्याखालचा नियम आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६च्या त्याच कायद्याच्या कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत दंड आहे. मी तक्रारअर्ज लिहून ठेवला आहे. शिबिराचं पत्रक बदललं तर तो माझ्या ट्रंकेतच राहील.

प्रत्येक औषध दुकानात मराठीत आणि कन्नडमध्ये एक पाटी लावा: ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळ्या बंद करू नका.’ रंगवण्याचा खर्च मी देते. नेहमीचा गिऱ्हाईक मेसालामाइन, अ‍ॅझाथायोप्रिन, स्टिरॉइड यांपैकी काही न्यायचा थांबला तर विचारा. विचारायला कायदा लागत नाही.

शिबिरात पावडर विकणार असाल तर एक पोटविकारतज्ज्ञ तिथे बसवा आणि आधीपासून औषध चालू असलेल्या माणसाला त्यांच्याशी बोलल्याशिवाय डबा देऊ नका. जांबोटी-कणकुंबीकडून एसटी बदलून माणसं येतात. ज्यांना दर अर्ध्या तासाला संडास शोधावा लागतो त्यांनी असा प्रवास करणं म्हणजे काय, याचा एकदा विचार करा. एवढं करून आलेल्या माणसाला हातात फक्त डबा मिळू नये.

आणि शौचातून रक्त, महिनाभर न थांबणारे जुलाब, घसरतं वजन यांवर एक साधं मराठी पान छापा. मूळव्याध समजून वर्ष घालवू नका, एवढं त्यात आलं तरी चालेल. डॉक्टरांकडून तपासून घ्या. मजकूर मी आणि ती विद्यार्थिनी मिळून लिहून देऊ, फुकट.

शिबिराच्या दिवशी मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसेन. ‘सिद्ध झालं’ म्हणालात की हात वर करून एकच विचारेन, ‘कुणावर?’ पुतण्याही येतो म्हणतोय, त्या आठवड्यात त्याची सलाइन नाही. डबा आमच्याकडे अजून निम्मा शिल्लक आहे, पावतीसकट. तो बरोबर आणते आहे.

कळावे,
एक आत्या
वडगाव, बेळगाव